फिरत्या स्पीकरचा आवाज गिटारमधून: आहे त्या सामानात कुठवर जाता येईल?

सहातारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरातल्या एका वाद्यवृंदात गिटार वाजवतो. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम, लग्नाची रिसेप्शन, गणपतीत मंडळांच्या तारखा. आमचा कीबोर्डवादक बासरी, व्हायोलिन, अ‍ॅकॉर्डियन सगळं एकटा सांभाळतो, त्यामुळे मागे धरून ठेवायचे लांब कॉर्ड बहुतेक माझ्या वाट्याला येतात. त्या कॉर्डना मला लेस्ली स्पीकरचा फिरता आवाज द्यायचा आहे. नुसती थरथर नको. संथ फिरणारा आवाज वेग घेत घेत चढतो आणि पुन्हा खाली बसतो, ते हवं आहे.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी: लेस्ली हे हॅमंड ऑर्गनसाठी केलेलं लाकडी कपाट. अमेरिकेत डॉन लेस्ली यांनी ते १९४० च्या सुमारास बाजारात आणलं. ऑर्गन बनवणाऱ्या लॉरेन्स हॅमंड यांना ते अजिबात पसंत नव्हतं, पण वाजवणाऱ्यांनी दोघांची जोडी जमवून टाकली. त्यातलं १२२ हे मॉडेल सर्वांत नावाजलेलं. ४० वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर, आणि साधारण ८०० हर्ट्झला आवाजाची वाटणी. वरचा भाग फिरत्या कर्ण्यातून येतो, खालचा भाग १५ इंची स्पीकरखाली फिरणाऱ्या ड्रममधून. कर्ण्याला दोन तोंडं दिसतात, पण आवाज एकातूनच येतो, दुसरं केवळ तोल राखायला. कर्णा आणि ड्रम एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. वेग दोन. संथ म्हणजे मिनिटाला ४० ते ५० फेरे. जलद म्हणजे कर्ण्याचे सुमारे ४०० आणि ड्रमचे त्याहून कमी, ३४० च्या आसपास.

माझ्याकडे ओव्हरड्राइव्ह (आवाज जरा फाटवणारं), अ‍ॅनालॉग कोरस (सूर किंचित हलवून मूळ आवाजात मिसळणारा), चार टप्प्यांचा फेझर (आवाजातल्या पट्ट्या सरकवणारा), ट्रेमोलो (जोर वर-खाली करणारा), डिले (आवाज उशिरा परत देणारा) आणि असे अनेक इफेक्ट एकाच पेटीत देणारं एक कमी किमतीतलं मल्टिइफेक्ट आहे. अ‍ॅम्प लहान कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), कार्यक्रमात त्याला माइक लावून आवाज पी.ए.ला, म्हणजे कार्यक्रमाच्या मुख्य ध्वनियंत्रणेला जातो. अडचण अशी की कोरस आणि ट्रेमोलो एकदम लावले की दोन पेडलं ऐकू येतात, फिरणारी एक वस्तू ऐकू येत नाही. असं का होतं? आणि तयार रोटरी पेडल (फिरत्या स्पीकरची नक्कल करणारं) घ्यायचंच झालं तर गिटारसाठी कोणतं?

दख्खनी

वाचतोय. विषय मनापासून आवडला. तयार पेडलांबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मंद्रसप्तक

सहातारी, "फिरणारी एक वस्तू ऐकू येत नाही" यातच उत्तर आहे. जरा सविस्तर लिहितो.

कर्णा तुमच्याकडे तोंड करतो तेव्हा आवाज सर्वांत मोठा आणि सर्वांत उजळ असतो. पण त्या क्षणी तो तुमच्याकडे येतही नसतो आणि दूरही जात नसतो, आडवा सरकत असतो. म्हणजे जोर शिखरावर असताना सूर मूळ जागी असतो. सूर सर्वांत चढलेला असतो तो त्याच्या पाव फेरा आधी, कर्णा तुमच्या दिशेने येत असताना. सर्वांत उतरलेला असतो तो पाव फेरा नंतर. सूर, जोर आणि उजळपणा ही तिन्ही एकाच दांड्याला बांधलेली आहेत. दोन वेगळी पेडलं लावली की दोघांच्या लाटा स्वतंत्र चालतात. बटणं एकाच वेगावर ठेवली तरी काही सेकंदांत त्या एकमेकींपासून सरकतात, आणि कान ते लगेच पकडतो.

आता आकडे. कर्ण्याच्या तोंडाची त्रिज्या १८ सेंटिमीटर धरू. मिनिटाला ४०० फेरे म्हणजे सेकंदाला ६.७. तोंडाचा वेग होतो सेकंदाला साधारण साडेसात मीटर. ध्वनीचा वेग ३४३ मीटर. म्हणजे सूर सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वर-खाली होतो, ३७-३८ सेंट. अर्धस्वर १०० सेंटचा, तेव्हा हे प्रमाण चांगलंच मोठं आहे. संथ वेगात तोच फरक जेमतेम ४-५ सेंट उरतो.

हेच डिलेच्या हिशेबात मांडलं तर पेडल लावणाऱ्याच्या कामाची गोष्ट हाती लागते. १८ सेंटिमीटर जायला ध्वनीला अर्धी मिलिसेकंद लागते. म्हणजे फिरताना आवाज अर्धी मिलिसेकंद लवकर ते अर्धी मिलिसेकंद उशिरा, एवढाच झोका घेतो. कर्णा संथ फिरो की जलद, त्याची लांबी बदलत नाही, म्हणून हा झोकाही बदलत नाही. तेव्हा व्हायब्रेटोचा (नुसता सूर हलवणाऱ्या इफेक्टचा) वेग वाढवताना डेप्थला, म्हणजे झोक्याच्या लांबीला हात लावू नका. सूर आपोआप जास्त हलतो. जलद वेगात आवाज फार डुलतो म्हणून डेप्थ कमी करायची सवय अनेकांना असते, आणि खरेपणा नेमका तिथे निसटतो. काही मल्टिइफेक्टमध्ये डेप्थ सेंटच्या हिशेबाने ठेवलेली असते. तिथे मात्र वेगाबरोबर ती वाढवावी लागेल.

दुसरं, कोरसमध्ये तुमचा कोरा आवाज मिसळलेला असतो. लेस्लीत कोरा आवाज नसतोच, जे बाहेर पडतं ते सगळं फिरून पडतं. म्हणून कोरसऐवजी व्हायब्रेटो वापरा, मिक्स पूर्ण १०० टक्के. मल्टिइफेक्टमध्ये व्हायब्रेटो आणि ट्रेमोलो दोन्ही एकाच टेम्पोला बांधता येत असतील तर बांधा. पाव फेऱ्याचं अंतर मनासारखं नाही मिळालं तरी निदान लाटा एकमेकींपासून सरकणार नाहीत. ट्रेमोलोऐवजी टोन उघडझाप करणारा फिल्टर त्याच टेम्पोला लावता आला तर आणखी उत्तम, कारण कर्णा पाठ फिरवतो तेव्हा जोरापेक्षा वरचे सूर जास्त जातात.

होटगीकर

मी कीबोर्ड वाजवतो. माझ्या कीबोर्डवर रोटरीचं बटण आहे आणि ऑर्गनच्या आवाजावर ते झकास वाटतं. त्याच कीबोर्डमधला गिटारचा आवाज त्यातून काढला की मात्र मिळमिळीत. म्हणून शंका विचारतो, मुळात गिटारला हे शोभतं का?

मंद्रसप्तक

होटगीकर, शोभतं, पण वेगळ्या तऱ्हेने. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, आणि बारीक तारेवर अगदी वर गेलात तरी मूळ सूर १२०० हर्ट्झच्या आसपास संपतात. ८०० ची रेघ लक्षात घ्या. तुम्ही वाजवता त्या बहुतेक स्वरांचं मूळ अंग ड्रमकडे जातं, कर्ण्याकडे जातात त्यांचे वरचे उपस्वर. ऑर्गनमध्ये कर्णा राजा असेल, गिटारमध्ये ड्रमला कमी लेखून चालणार नाही.

याचा पुरावा इतिहासातच आहे. १९६५ मध्ये सीबीएस कंपनीने फेंडर घेतली आणि त्याच वर्षी लेस्लीही. मग १९६७ मध्ये फेंडरच्या नावाने गिटारवादकांसाठी व्हायब्राटोन हे कपाट आलं. त्यात कर्णा नाहीच. १० इंची एक स्पीकर, त्याच्यापुढे फिरणारा थर्मोकोलसारख्या फोमचा ड्रम, आणि स्वतःचा अ‍ॅम्पही नाही, गिटारचाच अ‍ॅम्प त्याला जोडायचा. स्टीव्ही रे वॉन यांच्या 'कोल्ड शॉट'मध्ये जो डुलता आवाज आहे तो व्हायब्राटोनचा. मला गिटारवर तोच जास्त भावतो. बारा महिने तेरा काळ कर्णा कानात घुमवत ठेवण्यापेक्षा तो गाण्याला जागा देतो.

आणखी एक फरक. ऑर्गनचा स्वर बोट ठेवलं तोवर टिकतो, गिटारचा विरत जातो. फेरा पूर्ण व्हायच्या आत स्वर विरला तर फिरणं ऐकू कसं येणार? म्हणून आधी कंप्रेसर (जोर सारखा करून स्वर टिकवणारा), मग हलकं ओव्हरड्राइव्ह, मग रोटरी, आणि शेवटी हवा असेल तर रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा). ओव्हरड्राइव्ह रोटरीच्या आधीच हवं. लेस्लीत अ‍ॅम्प आधी तापतो आणि मग तो आवाज फिरतो. उलट जोडलं तर ओव्हरड्राइव्ह जोराचे चढउतार दाबून टाकतं आणि अर्धा परिणाम तिथेच संपतो.

दख्खनी

यात युनि-व्हाइब या इफेक्टचा उल्लेख हवाच. जपानच्या शिन-एई कंपनीसाठी फुमिओ मिएदा यांनी १९६० च्या दशकात ते केलं. मधे धडधडणारा एक दिवा आणि त्याभोवती चार प्रकाशसंवेदी घटक, त्यातून चार टप्प्यांचं फेझ सरकवणं. १९६९ च्या वूडस्टॉकला जिमी हेंड्रिक्स यांच्याकडे ते होतं. सहातारींकडे चार टप्प्यांचा फेझर आहेच, मग तो का वापरू नये?

मंद्रसप्तक

युनि-व्हाइब मला फार प्रिय आहे, पण त्याला लेस्लीची नक्कल म्हणणं दोघांवर अन्याय आहे. त्याचं स्वतःचं व्यक्तित्व आहे. फेझरचा उपयोग मात्र आहे. लेस्लीच्या कपाटात आवाज लाकडावर आपटून अनेक वाटांनी बाहेर येतो, त्यामुळे काही पट्ट्या दबतात, काही उठतात, आणि त्या जागा फेऱ्याबरोबर सरकतात. ती छटा फेझर थोडीफार देतो. संथ ठेवा, फीडबॅक शून्य, आणि एवढा हलका की बंद केल्यावरच तो होता हे कळावं. हे माझं वैयक्तिक मत.

सहातारी

मंद्रसप्तक, डोक्यात लख्ख प्रकाश पडला, खूप आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मल्टिइफेक्टमध्ये व्हायब्रेटो आणि ट्रेमोलो एकाच टेम्पोला बांधले, कोरा आवाज काढून टाकला, आधी कंप्रेसर आणि ओव्हरड्राइव्ह. जलद वेगात फरक खूप मोठा आहे. संथ वेगात अजून यांत्रिक वाटतं. शिवाय संथवरून जलद जाताना वेग एकदम उडी मारतो, चढत नाही.

मंद्रसप्तक

संथ वेगात एकच लाट असली की यांत्रिक वाटणारच. खऱ्या कपाटात कर्णा सेकंदाला ०.८ फेरे आणि ड्रम ०.६७, म्हणजे दोघं कधी जुळतात, कधी फाकतात, आणि फेऱ्याफेऱ्याला वेगळं ऐकू येतं. मघाशी मी लाटा सरकू देऊ नका म्हटलं ते एकाच रोटरमधल्या सूर-जोराबद्दल. दोन रोटर मात्र एकमेकांपासून सरकायलाच हवेत. तुमच्या मल्टिइफेक्टमध्ये दोन समांतर वाटा करता येत असतील तर एका वाटेवर ८०० हर्ट्झच्या खालचं, दुसरीवर वरचं. खालच्या वाटेवर मुख्यतः ट्रेमोलो, नावापुरता व्हायब्रेटो. वरच्या वाटेवर दोन्ही ठसठशीत. जलद वेगात वरचा ६.७, खालचा ५.७.

वेग चढण्याबद्दल: कर्णा हलका, तो सेकंदाभरात वेग पकडतो. ड्रम जड, त्याला चार-पाच सेकंद लागतात. त्या मधल्या काळात वरचा आवाज धावत असतो आणि खालचा अजून उठत असतो, माझ्या मते लेस्लीचा सगळा जीव तिथे आहे. एक्स्प्रेशन पेडल (पायाने टाच-पंजा दाबून एखादं बटण फिरवल्यासारखं काम करणारं) दोन्ही वाटांच्या वेगाला जोडा, टाच संथ, पंजा जलद. पायाने एकदम दाबू नका, कॉर्ड धरून ठेवा आणि सावकाश ढकला. वेग ओळीच्या मध्ये बदलू नका. गायकाची ओळ संपली, श्वास घेतला, तुमचा कॉर्ड उरला, की तिथे.

निशिगंधा

मी साउंड बघते, हुतात्मा स्मृती मंदिरात आणि बाहेर मैदानातही. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण घरी सुंदर लागलेला आवाज मंचावर मरतो तो याच कारणाने.

बहुतेक कार्यक्रमांत पी.ए. मोनो असतो. दोन्ही बाजूंना एकच आवाज. तुमचं पेडल स्टिरिओ असेल आणि दोन्ही वायरी मिक्सरला देऊन मधोमध ठेवल्या, तर डावीकडचा जोर वाढताना उजवीकडचा कमी होतो आणि बेरीज सपाट येते. फिरणं नाहीसं! माइक समोरासमोर लावल्याची नक्कल करणाऱ्या पेडलांत हे हमखास होतं. मोनोला एकच वायर द्या, आणि पेडलवर मोनोची सोय असेल तर तीच वापरा.

स्टिरिओ मिळालंच तरी पूर्ण डावं-उजवं करू नका. मैदानात एका टोकाला बसलेल्या माणसाला एकच बाजू ऐकू येते. थोडं आत आणा.

रिव्हर्ब माझ्यावर सोडा. वादकाने आधीच भरपूर रिव्हर्ब लावलेलं असलं की रोटरीचे कंगोरे बुजतात आणि मला ते परत काढता येत नाहीत. आणि सहातारी, तुमच्या पेडलमध्ये स्पीकर कॅबिनेटची नक्कल असेल आणि ते कॉम्बोतून वाजवून पुन्हा माइक लावणार असाल, तर आवाज दोन कपाटांतून जातो आणि कोंदट होतो. कॉम्बोत जाताना ती नक्कल बंद, थेट मिक्सरला देताना चालू.

दख्खनी

वाचनखूण साठवली. निशिगंधाताई, मोनोचा मुद्दा लाखमोलाचा.

मंद्रसप्तक

तयार पेडलांचं राहिलं होतं. नियो इन्स्ट्रुमेंट्सचा व्हेंटिलेटर माझ्या कानाला खऱ्या १२२ च्या सर्वांत जवळचा, पण खिशाला जड. स्ट्रायमन लेक्सवर हॉर्न लेव्हल असं बटण आहे. ते खाली आणलं की कर्णा मागे जातो, ड्रम पुढे येतो, गिटारसाठी हेच हवं. प्रीअँपचं ड्राइव्ह आणि माइकचं अंतरही त्यावर आहे. बॉस आरटी-२० ला चालू-बंद आणि संथ-जलद अशी दोन वेगळी पेडलं आहेत, मंचावर ते सोयीचं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा लेस्टर जी गिटारसाठीच केलेला. कमी बटणांत काम हवं असेल तर टीसी इलेक्ट्रॉनिकचा व्हायब्राक्लोन.

विकत घेताना एकच परीक्षा करा. एक कॉर्ड धरा, संथवरून जलद करा, आणि नुसतं खालच्या तारांकडे लक्ष द्या. खालचा आवाज वरच्याच्या मागून चढत असेल तर पेडल घ्या. दोन्ही एकदम चढत असतील तर ते पैसे वाचवा, कारण तेवढं तुमचं मल्टिइफेक्ट आत्ताच करतंय.

साखरपेठी

नमस्कार. गिटारमधलं मला कळत नाही, फिरणाऱ्या वस्तूंतलं कळतं. यंत्रमागाच्या मोटरी दुरुस्त करण्यात उमर गेली, म्हणून लिहावंसं वाटलं. आमचा पोरगा गिटार वाजवतो, त्यानेच धागा दाखवला.

कुणी अमेरिकेतलं जुनं कपाट मागवायच्या विचारात असेल तर आधी हे बघा. त्या मोटरी ६० हर्ट्झच्या. आपली वीज ५० हर्ट्झ. २३० चे ११० व्होल्ट करायला ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण ट्रान्सफॉर्मर फ्रीक्वेन्सी बदलत नाही. असली मोटर फ्रीक्वेन्सीवर पळते, म्हणून ४०० चे ३३३ फेरे होणार. शिवाय ६० ची मोटर ५० वर जास्त तापते. पुली बदलावी लागेल आणि मोटरकडे लक्ष ठेवावं लागेल. पुली लेथवर कातून देणारे आपल्याकडे चिकार आहेत, त्याची काळजी नाही.

पण मी म्हणतो मागवायचं कशाला? मंद्रसप्तक यांनी सांगितलेलं ते एका ड्रमचं कपाट आपण सोलापुरात करू शकतो की. चार पोलची मोटर १४४० फेरे देते. मोटरला ५० मिलिमीटरची पुली, ड्रमला २१० ची, झाले ३४३ फेरे. तुमचा जलद वेग बसला. संथ वेगासाठी लेस्लीवाल्याने दुसरी मोटर जोडली होती. आपण थ्री फेज मोटर घेऊन व्हीएफडी लावायचा, म्हणजे विजेची फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा डबा. व्हीएफडीत किती सेकंदांत वेग चढवायचा आणि किती सेकंदांत उतरवायचा हे आकडा टाकून ठरवता येतं. तुम्ही म्हणता ते चार-पाच सेकंद तिथे सरळ भरायचे. पाव एचपी मोटर लई झाली, ड्रमला वजन कुठाय. संथ वेगात मोटरचा स्वतःचा पंखा हवा देत नाही, पण लोड एवढा कमी की तापणार नाही.

तोल मात्र नीट काढा. ड्रम आडव्या शाफ्टवर मोकळा सोडायचा, जड बाजू खाली येऊन थांबते, समोरच्या बाजूला वायसर (वॉशर) चिकटवायचा. कुठेही सोडला तरी जागेवर थांबला की तोल बसला. बेअरिंग सीलबंद घ्या, आपल्याकडची धूळ उघड्या बेअरिंगला टिकू देत नाही.

निशिगंधा

काका, किती नेमकं लिहिलंत! एक शंका आहे. व्हीएफडीचा विद्युत गोंगाट गिटारच्या पिकअपमध्ये (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागात) शिरतो, पिकअप सिंगल कॉइल म्हणजे एकाच वेटोळ्याचा असेल तर फारच. मंचावर गिटारवादकाच्या शेजारी तो चालणार नाही.

साखरपेठी

बरोबर आहे ताई. मोटरची केबल शील्डवाली घ्यायची, शील्डला दोन्हीकडे अर्थ, मोटरच्या बॉडीलाही अर्थ, आणि व्हीएफडीच्या आधी फिल्टर. एवढं करूनही थोडा गोंगाट राहील. मग कपाट गिटारजवळ ठेवायचंच कशाला? विंगेत ठेवा, स्पीकरची वायर लांब घ्या, माइक तिथेच लावा. मंचावर फक्त संथ-जलदचं पायबटण, त्याला दोन बारीक तारा लागतात. आणि फिरणाऱ्या भागाला चारी बाजूंनी जाळी पाहिजेच. लहान पोरं विंगेत फिरत असतात.

होटगीकर

काका, ड्रम कशाचा करायचा? थर्मोकोल चालेल?

साखरपेठी

थर्मोकोलचा जाड ठोकळा कापून होईल, पण वाहतुकीत कोपरे तुटतात. मी पातळ प्लायची वरची-खालची चकती आणि मधे वळवलेला पत्रा किंवा फायबर असं करीन. आत एक तिरपी पाटी, म्हणजे वरून आलेला आवाज एका बाजूच्या तोंडातून बाहेर पडेल. वाहतुकीला सगळं कपाट चादरीत गुंडाळा, ती आपल्याकडे कमी नाही.

मंद्रसप्तक

अगदी हीच रचना. स्पीकर वर, तोंड खाली, त्याच्याखाली ड्रम. १० इंची गिटार स्पीकर पुरे. १५ इंचीच्या मागे लागू नका, गिटारला त्या खोलीची गरज नाही आणि उचलायला माणसं लागतील. स्पीकर आणि ड्रममध्ये फट कमीत कमी ठेवा, नाहीतर आवाज ड्रममध्ये न जाता बाजूने निसटतो आणि फिरणं पुसट होतं. कॉम्बोचा स्पीकर काढून हा जोडताना ओहम जुळतात ना ते बघा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नका.

सहातारी

साखरपेठी काका, तुमचे आभार कसे मानू! माझा कॉम्बो ८ ओहमचा आहे, तसाच १० इंची स्पीकर माझ्याकडे पडून आहे. कपाटाचं लाकूडकाम माझा चुलतभाऊ करून देईल. पुली आणि ड्रमचं तुम्ही मार्गदर्शन कराल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. तोवर कार्यक्रमांत दोन वाटांची मल्टिइफेक्टवरची मांडणी चालू ठेवतो. निशिगंधाताई, एकच वायर दिल्यावर मैदानातही फिरणं स्पष्ट ऐकू आलं.

एक शेवटचं विचारतो. कपाट झाल्यावर माइक कुठे लावू?

साखरपेठी

व्यनि बघितला. रविवारी मोटर घेऊन येतो.

निशिगंधा

एकच माइक, कपाटापासून वीतभर ते हातभर. जवळ नेलात तर जोराचे चढउतार तीव्र होतात, लांब नेलात तर सौम्य आणि खोलीचा आवाज मिसळतो. मंचावर जवळच बरा, नाहीतर ढोलकी आणि ड्रमसेट त्यात शिरतात. कपाटाला दोन बाजूंनी फटी ठेवा आणि माइक त्यातल्या एकीच्या कडेला लावा, बरोबर समोर नको. जलद वेगात ड्रम हवा फेकतो आणि ती माइकमध्ये फडफडते. वर फोमची टोपी घाला, आणि मिक्सरवर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. मोटरची घरघर बरीचशी तिथेच जाते, आणि गिटारचं काहीही बिघडत नाही.